काळ्या खोक्यातलं मीठ

मी तारगिल, म्हणजे अंगावर पट्टे असलेली गाय बोलतेय. वेडी म्हणतात मला. तरी ऐका.

नारिनच्या डोंगराळ मुलखात, वरच्या कुरणात, बर्फ वितळता वितळता मी जन्मले. मालकीण उल्कान. तोंडानं तिखट, पण मीठ घालताना हात सैल. तिच्या नवऱ्यानं, मांबेतकुलनं, ट्रॅक्टरची जुनी बॅटरी फोडली आणि तिच्या काळ्या खोक्यात मला मीठ ठेवलं. माणसांना वस्तू टाकवत नाही, मग ती आमच्या पुढ्यात येते. "मजबूत आहे, नातवंडंसुद्धा वापरतील!" म्हणाला.

मीठ संपलं तरी मी चाटतच राहायचे. कडेची पांढरी खपली गोड लागायची हो!

मग माझे दात करकर वाजायला लागले. डोळ्यांपुढे धुकं आलं. मी एकाच जागी गोल गोल फिरायला लागले.

"दृष्ट लागली," म्हणत उल्काननं आर्चाच्या झाडाच्या वासाळ फांद्यांची धुरी दिली. मला नुसता खोकला आला.

"अगं, तुझ्यावर गेलीय ती," मांबेतकुल हसला. "कारण नसताना ओरडते."

"गप बसा, म्हातारबा! डोकं ठिकाणावर नसलेलं या तंबूत आधीच एक आहे."

एका सकाळी माझं वासरू खोक्याशी आलं. दिसलं नाही, जीभ घासल्याचं ऐकू आलं. मी ढुशी मारून त्याला लोळवलं. पुन्हा आलं, पुन्हा मारली.

"पोटच्या पोराला मारतेय!" उल्कान किंचाळली. "कापायचीच आता. सुरी काढा!"

मांस खाण्याजोगं आहे का, एवढं विचारायला तिनं गुरांची डॉक्टरीण झुमागुल हिला बोलावलं. झुमागुलनं माझे डोळे पाहिले, मग खोकं.

"मांस नको, दूधही नको, उल्कानआपा! शिसं आहे यात. मेंदूतले निरोप इकडून तिकडे जायला कॅल्शियम लागतं. शिसं त्याचं सोंग घेऊन आत शिरतं आणि निरोपांचा गोंधळ उडवतं. तिनं ढुशा मारल्या म्हणून वासरू वाचलं."

उल्कान माझ्या गळ्यात पडून रडली. "आईचं काळीज गं तुझं!"

खरं सांगू? मला शिसंबिसं काय ठाऊक! खोकं माझं होतं. वाटून कोण खातं?

मांबेतकुलनं खाली मान घालून ते खोकं लांब नेऊन पुरलं. सुया टोचून घेतल्यावर मला आता अर्धंमुर्धं दिसतं. उल्कान तळहातावर मीठ धरते.

तुमचं जनावर गोल फिरायला लागलं, तर धुरी नंतर द्या. आधी ते काय चाटतं ते बघा. आमच्या जिभेच्या भरवशावर राहू नका. माझ्या जिभेला अजून तेच खोकं हवंय.