घूंऽऽ करणारी वायर

ललिताच्या अंगातली हडळ निघून गेली, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. आता ते घडलंच नाही असं धरू. कारण एक्क्याऐंशी सालच्या त्या दुपारी पोलादपूरच्या खालच्या आळीत अर्धं गाव जमलं होतं आणि हडळ चांगली जोरात होती.

ललिताच्या नवऱ्याने, दत्तारामने, मस्कतहून स्टिरिओ आणला होता. रेकॉर्ड-प्लेअरपासून आवाज वाढवणाऱ्या पेटीपर्यंत जाणारी वायर ललिताने मुठीत धरली की स्पीकर हुंकारायचा, ‘घूंऽऽ!’ दत्तारामने धरली, गप्प. सासूने, चंपाबाईने धरली, गप्प. मुरारी भगत दर माणसाला वायर बदलून, अंगारा फासून देत होता. देवाला उष्टी वायर चालत नाही म्हणे.

“फट् भैरी, फट् बॅटरी!” मुरारी गरजला. “हिला माहेरी धाडा. पेटी सात अवसा माझ्याकडं ऱ्हाईल.”

ललिताचं बोचकं दारात तयार होतं. महाडची एसटी चारला. ती उठे, बसे, पुन्हा उठे. एकच गोष्ट डोक्यातून जाईना: नवऱ्याच्या हातातली वायर जाड होती, आपली बारीक.

“आत्याबाई,” ती सासूला म्हणाली, “माझी वायर तुमी धरा.”

“मी कशाला गो? मला काय झालंय?”

“काय नाय ना? मग धरा की!”

चंपाबाईने धरली. घूंऽऽ!

“अगो बाय, म्हातारीत पण हाय!” शेजारचा सोनबा ओरडला. त्याच्या हातात दिली, तर त्याच्यातही होती. पाच मिनिटांत अकरा माणसं झपाटली. शेवटी ललिताने वायर मुरारीच्या मुठीत कोंबली. पेटी सर्वांत मोठ्याने हुंकारली.

शाळेतल्या सकिनाबाईंनी दोन्ही वायरी ब्लेडने सोलल्या. जाड वायरीत तारेभोवती तांब्याची जाळी निघाली, बारकीत नुसती तार.

“घरातल्या विजेची गुणगुण आपलं अंग झेलतं,” बाई म्हणाल्या. “साधी वायर ती पेटीत पोचवते, जाळीची अडवते. मुरारी, मुंबईत लाउडस्पीकरवाल्याकडे होतास ना रे?”

मुरारीला अचानक गुरं आठवली आणि तो सटकला.

जाळीची वायर लावली, ललिताने ती घट्ट धरली. गाणं स्वच्छ वाजलं. तिने बोचकं सोडून लुगडी दोरीवर टाकली.

“मी कवाधरनं सांगतेय, पोरीत काय नाय,” चंपाबाई म्हणाली.

बाबांनो, सून घराबाहेर काढण्याआधी वायर सोलून बघा. ब्लेड स्वस्त असतं.

सबब, वीज खात्याच्या मेहेरबान साहेबांस विनंती अर्ज की, आपल्या विजेची सेकंदाला पन्नास वेळा होणारी थरथर विवाहित स्त्रियांच्या आसपास तात्काळ बंद ठेवावी व तसा दाखला दोन प्रतींत, सहीशिक्क्यानिशी, चंपाबाईंच्या हाती द्यावा. कळावे.