बावन्न वेढे

"हालवू नकोस बाई. एकदा वाकडी लागली की जन्मभर वाकडीच दिसंल."

सुकन्याने दोन्ही हात वर करून फ्रेम भिंतीला घट्ट दाबून धरली. चतुराबाई पाटावर उभ्या राहून वरच्या कडीतून खिळा ठोकत होत्या. प्रत्येक ठोक्याला काच थरथरायची आणि सुकन्याच्या नाकासमोर तिचंच नाव थरथरायचं.

फ्रेमच्या काचेआड तिचीच बातमी होती. नांदेडला पत्रकारिता शिकणारी, बिलोलीची ही मुलगी दोन महिन्यांसाठी लातूरच्या एका दैनिकात उमेदवारी करत होती. चाकूरपासून अकरा किलोमीटरवरच्या या गावात येऊन तीन आठवड्यांपूर्वी तिने बातमी लिहिली होती, नावासकट छापून आलेली पहिलीच. 'जळक्या मोटारींना जीव देणाऱ्या चतुराबाई.' खाली फोटो होता. उन्हाच्या एका तिरप्या पट्ट्यात चतुराबाई बसल्या आहेत आणि त्यांच्या मांडीवरच्या तारेच्या रिळातून जणू दुसरंच ऊन निघतं आहे. फोटो फार सुंदर आला होता.

बातमीत चूक एकच होती. मोटारी चतुराबाई भरत नव्हत्या.

विहिरीतली मोटार जळाली की तिच्या पोटातली जुनी तार काढून नवी भरायची, हे काम त्यांची धाकटी जाऊ सिंधु करत होती. ती आत्ताही आतल्या खोलीत तेच करत होती. तिचा आवाज भिंतीतून झिरपत होता.

"एकोणीस... वीस... एकवीस..."

*दुरुस्ती. पहिला मसुदा, बसमध्ये, चाकूरच्या अलीकडे:*
*आमच्या अंकात प्रसिद्ध झालेल्या बातमीत अनवधानाने*

अनवधानाने. या शब्दापाशी तिला डुलकी लागली होती. डुलकीत छापील अक्षरं तुरीच्या शेंगांसारखी वाळून तडतडत होती, एकेक दाणा उडून शेतात पडत होता आणि ती ओंजळ धरून मागे धावत होती. कंडक्टरने खांदा हलवला तेव्हा गावाचा फाटा आला होता.

त्या दिवशी असं झालं होतं. सिंधु तार आणायला चाकूरला गेली होती. सुकन्याची परतीची बस साडेतीनची होती. दारातून पाहिलं तर चतुराबाईंच्या मांडीवर रीळ, समोर मोटार, पाठीमागे ऊन. किती वर्षं झाली मावशी? आठ. शॉक बसायची भीती नाही वाटत? तार सुटी असल्यावर कशाची भीती. गावातले लोक काय म्हणतात? म्हणायचे, आता गप हाईत. प्रत्येक उत्तर खरं होतं. फक्त हे काम कोण करतं, एवढं तिने विचारलं नव्हतं. तिला ते दिसतच होतं ना.

नांदेडच्या वर्गात सौदामिनी मॅडम फळ्यावर बातमीचे सहा प्रश्न लिहायच्या आणि पहिल्यावर खडू आपटायच्या. "कोण, हा सगळ्यात सोपा. म्हणून तोच विचारायचा राहतो." वर्ग हसायचा. सुकन्याही हसली होती. विभागाने दिलेल्या रोजनिशीत 'आज काय शिकले' असा एक रकाना होता. बातमी छापून आली त्या दिवशी तिने तिथे लिहिलं होतं: फोटोसाठी दुपारचं ऊन चांगलं.

मग परवा रेणापूरहून वीरभद्र नावाच्या माणसाचा फोन आला.

"पेपरवाल्या बाई, मोटार आठ दिसांत परत जळाली. आता मी काय तुमचा पेपर सोडू का विहिरीत?"

"पण चतुराबाई तर..."

"चतुराबाई भरती म्हणून कुणी सांगितलं तुम्हाला? भरती ती सिंधु. चार मोटारी भरून नेल्यात मी तिच्याकडून, अशी गत कधी झाली न्हाई. बघून तरी छापत जा!"

उद्धव सरांनी, म्हणजे लातूरच्या उपसंपादकांनी, ऐकून घेतलं आणि चष्मा पुसला. ते रागावले नाहीत. "आधी जाऊन खात्री कर. मग चाळीस शब्दांत दुरुस्ती. पंचवीसला, पाचच्या आत. सव्वीस जानेवारीला ऑफिस बंद, सत्तावीसला अंक नाही. चुकलीस तर थेट अठ्ठावीस."

आज पंचवीस होती. घड्याळात चार वाजून दहा मिनिटं झाली होती.

चतुराबाई पाटावरून उतरल्या, दोन पावलं मागे सरल्या. "सरळ हाय," म्हणाल्या आणि दोरीवरच्या नव्या जांभळ्या लुगड्याकडे बोट केलं. "उद्या शाळेत झेंडा माझ्या हातानं हाय. सरपंच सोता येऊन सांगून गेला. तू त्यासाठीच आलीस न्हवं?"

सुकन्याने मान हलवली. होकाराची की नकाराची, तिचं तिलाच कळलं नाही. "सिंधुताईंना भेटून येते," ती म्हणाली.

आत गेल्यावर पाण्याखाली गेल्यासारखं वाटलं. पत्र्यातल्या फटीतून आलेलं ऊन पोत्यावर आडव्या ठेवलेल्या मोटारीवर पडलं होतं. तिच्या पोटात गोलाकार खाचा होत्या. सिंधु एका बाजूने खाचेत तार घालायची, उठायची, वळसा घालून पलीकडे जायची, तार ओढायची, परत यायची. मोटारीला ती प्रदक्षिणा घालते आहे असं वाटत होतं.

"तेहतीस. फोटो काढायचा असंल तर अक्का भाईर हाईत. चौतीस."

"ताई, हे सगळं एकटीनं?"

"दिसतंय की. पस्तीस."

"एका खाचेत किती?"

"बावन्न. छत्तीस."

सुकन्या पोत्याच्या कडेला उकिडवी बसली. "चूक माझी झाली. मी विचारलंच नाही. दुरुस्ती छापणार आहोत, तुमच्या नावानं."

"छापा की. मला काय करायचंय?" सिंधुने तार खसकन ओढली. तिच्या बोटांच्या पेरांवर बारीक काळे चरे होते. फोटोतली बोटं स्वच्छ होती. ते आता सुकन्याच्या लक्षात आलं. "तीन हप्ते झाले, गिऱ्हाईक येतंय, भाईर अक्कांच्या पाया पडतंय अन् आत मला चहा टाकायला सांगतंय. सदतीस... अडतीस?"

ती थांबली. ओठ हलले. तारेवरून बोट फिरवून तिने पुन्हा मोजायचा प्रयत्न केला.

दारात चतुराबाई उभ्या होत्या. हातात अजून हातोडी होती.

"कवा छापणार?"

सुकन्या उभी राहिली. "उद्या, मावशी."

"उद्या झेंडा हाय."

"हो."

"अठ्ठावीसला छाप. दोन दिसांत काय आभाळ कोसळतंय? माझं एवढं होऊ दे. मग छाप, मोठ्या अक्षरांत छाप."

फोन सुकन्याच्या तळव्यात गरम झाला होता. अठ्ठावीस. सोपं होतं. रेंज नव्हती, असं सांगता आलं असतं. सर 'बरं' म्हणाले असते. जांभळं लुगडं एकदा झेंड्याखाली उभं राहिलं असतं. तिने सिंधुकडे पाहिलं. सिंधु वर पाहत नव्हती. हातातल्या तारेचं टोक ती विनाकारण सरळ करत होती, वाकवत होती, पुन्हा सरळ करत होती.

"उद्याच येईल, मावशी. आज माहीत असून उद्या तसंच ठेवलं तर ती चूक राहणार नाही."

बाहेर कोंबडी फडफडली.

"वाच," चतुराबाई म्हणाल्या.

तिने वाचलं.

*दुरुस्ती. चौथा मसुदा:*
*जळालेल्या मोटारी भरण्याचे काम सिंधु या करतात. बातमीत चुकून त्यांच्या जाऊबाई चतुराबाई यांचे नाव प्रसिद्ध झाले. वार्ताहराने पुरेशी खात्री केली नव्हती. त्याबद्दल दिलगीर आहोत.*

"चुकून," चतुराबाईंनी तेवढाच शब्द उचलला. हातोडी खिडकीत ठेवली. "म्हंजे आठ वर्सं मी या खोलीत चुकून होते."

सुकन्याने दप्तरातून वही काढली, कोरं पान उघडलं आणि तीन आठवडे उशिरा विचारलं, "मावशी, मोटार भरताना तुम्ही काय करता?"

चतुराबाई भिंतीकडे तोंड करून उभ्या राहिल्या. उत्तर खालून आलं.

"पल्याड बसतात." सिंधु तारेकडेच बघत होती. "मी अल्याडून घालते, त्या पल्याडून ओढतात. अन् मोजतात. मी बोलले, रडले, पोराला हाणलं, तरी त्यांचं मोजणं चुकत न्हाई. एक वेढा कमी-जास्त झाला तरी मोटार तापती. आठ वर्सांत एक परत आली न्हवती."

"आणि रेणापूरची?"

ऊन मोटारीवरून पोत्यावर उतरलं.

"ती मी मोजली. अक्का तवा भाईर पाव्हण्यांत होत्या."

सुकन्या लिहीत होती. लिहिता लिहिता तिने कुणाला न विचारता शब्द मोजायचं सोडून दिलं. चार पन्नासला फोन लावला.

"सर, चाळीसात बसत नाही."

"दुरुस्ती आहे बाळा, कादंबरी नाही."

"दोन नावं आहेत सर. दोन कामं आहेत. पहिली बातमीच अर्धी होती."

पलीकडे पानं उलटल्याचा आवाज आला. "उद्याच्या पानावर जागा नाही. कुठली तरी जाहिरात कापावी लागेल. पाठव, बघतो."

तिने पाठवलं. बसेल की नाही, ते उद्या सकाळी कळणार होतं, तिलाही आणि साऱ्या गावालाही. चतुराबाई बाहेर गेल्या. दोरीवरून लुगडं ओढल्याचा आवाज आला, घडी झटकल्याचा, मग पेटीचं झाकण. सिंधु ऐकत होती. तार हातात तशीच होती.

चतुराबाई परत आल्या त्या पदर खोचूनच. मोटारीच्या पलीकडे गेल्या, गुडघ्यावर हात देत खाली बसल्या.

"कितीवर हायस?"

"अडतीस," सिंधु म्हणाली. मग म्हणाली, "ठावं न्हाई, अक्का."

"उकल सगळी."

"अख्खी खाच?"

"मग काय अर्धी?"

सिंधुने टोक पकडलं आणि तार उलटी ओढायला सुरुवात केली. वेढ्यामागून वेढा निघून पोत्यावर सैल पसरत गेला. शेवटचा निघाला तशी चतुराबाईंनी पलीकडून हात पुढे केला.