लाल पट्ट्याचा खल

मित्रांनो, जरा लांबच बसा. "त्याला हात लावायचा नाही" हे वाक्य मी जन्मभर ऐकत आलो, आणि आज तेच तुम्हाला सांगतो आहे. घाबरू नका, मी चावत नाही. मी औषधे घोटणारा एक जुना दगडी खल आहे. काळा, जडशीळ आणि पुढे चोच काढलेला.

एका पाथरवटाने एकाच शिळेतून आम्हा दोघांना घडवले, मला आणि माझ्या जुळ्या भावाला. झाडपाल्याच्या औषधांचे दुकान चालवणाऱ्या एका जोडप्याने आम्हाला नेले. सगळी गल्ली त्यांना काका आणि काकी म्हणे. त्या दुकानात भिंतभर लहान लहान खण होते. एकेक खण उघडला की एकेक वास बाहेर येई, कुठे मुळांचा, कुठे सालींचा, कुठे सुकल्या फुलांचा.

काकींनी माझ्या भावाला उचलले. पोटात घ्यायची औषधे त्याच्यात होत. बसलेल्या घशासाठी ज्येष्ठमध, दुखऱ्या पोटासाठी ओवा, सर्दीसाठी सुंठ. मी काकांच्या वाट्याला आलो. माझ्यात फक्त वरून लावायची औषधे. बचनागाचे मूळ, धोतऱ्याची पाने! या झाडांतले द्रव्य एवढे जहाल, की चिमूटभर पोटात गेले तर माणूस दगावायचा. काका ते जपून मोजून तेलात उकळत आणि दुखऱ्या सांध्यांसाठी देत. कातडीवर साधा ओरखडा असला तरी तेल लावू देत नसत.

दगडाला बारीक छिद्रे असतात. आत मुरलेले सहसा निघत नाही. म्हणून काकांनी माझ्या पोटावर लाल रंगाचा जाड पट्टा ओढला. माझा बत्ता वेगळा, फडके वेगळे, बादलीही वेगळी. मी एका भिंतीला, भाऊ समोरच्या भिंतीला.

"तुमच्या खलाची सावलीसुद्धा माझ्या खलावर पडायला नको," काकी म्हणत.

"सावलीला सांगून ठेवतो," काका म्हणत.

एकदा एका हमालाने विचारले, "काका, हे तेल चोळलं की गुडघा चालायला लागतो. पोटात घेतलं तर पळेल का?"

"पळेल की," काका म्हणाले, "पण तू परत यायचा नाहीस."

लोक येऊन म्हणत, "काकी, गुण आला हो!" आणि माझा भाऊ कौतुकाने चमके. माझे कौतुक कोणी करीत नसे. तरी मला हेवा वाटला नाही. माझा अभिमान निराळा होता. माझ्यातला एक कणही कधी कोणाच्या पोटात गेला नव्हता. माझी सारी अब्रू त्यातच होती.

दिवस कोणासाठी थांबत नाहीत. तयार मलमे आली, काकांचे हात थकले. आधी काका गेले, मागोमाग काकीही गेल्या. दुकानाला कुलूप लागले. आम्ही दोघे भाऊ एकाच पोत्यात गुंडाळून माळ्यावर जाऊन पडलो. जन्मभर दूर ठेवलेले आम्ही शेवटी पाठीला पाठ लावून धूळ खात होतो.

मग एका हिवाळ्यात काकींच्या सुनेने आम्हाला खाली उतरवले. तिच्या धाकट्या लेकीला, चिमणीला, खोकला लागला होता. सून मोठी टापटिपीची. तिने आम्हाला गरम पाणी आणि सोडा घेऊन असे घासले, असे घासले, की वर्षानुवर्षांची काजळी गेली आणि काजळीबरोबर माझा लाल पट्टाही गेला! जुना, पोपडे आलेला रंग म्हणजे तिला मळच वाटला. आता आम्ही दोघे अगदी सारखे दिसत होतो.

आणि तिने मलाच उचलले.

माझ्यात ज्येष्ठमध पडले. मित्रांनो, दगडाला ओरडता येत नाही. बत्ता फिरत राहिला आणि मी मुका राहिलो. पूड मधात कालवली गेली. चिमणी आ वासून समोर बसली. तिची आत्या, म्हणजे काकींची लेक, त्या दिवशी माहेरी आली होती. एका मोठ्या दवाखान्यात औषधे बनवण्याचे काम करायची ती.

"वन्सं, बघा तरी," चमचा भरता भरता सून कौतुकाने म्हणाली, "कसा हाताला बसलाय हा खल! जसा काही माझ्यासाठीच घडवलाय."

"तुझ्या हाताला बसला?"

"अहो, लोण्यासारखा फिरला बत्ता."

"वहिनी, तो चमचा खाली ठेव."

"का? काय झालं?"

"आधी ठेव म्हणते ना! आईचा खल मला कधी हाताला बसला नाही. आई डावखुरी होती, आपण दोघी उजव्या हाताच्या."

आत्याने आम्हा दोघांना शेजारी ठेवले, चोची समोर करून, आणि दोघांत थोडे थोडे पाणी ओतले. भावाच्या पोटातले पाणी डावीकडे साचले, माझ्यातले उजवीकडे. एवढ्या वर्षांत काकींच्या आणि काकांच्या हातांनी आम्हाला आपापल्या बाजूने झिजवले होते. रंग पुसता आला, झीज पुसता आली नाही.

"हा बाबांचा खल आहे," आत्या हलक्या आवाजात म्हणाली.

सुनेने चिमणीला जवळ ओढले. "मीच घासून काढलं हो सगळं."

"तुला कोणी सांगितलंच नव्हतं, वहिनी. सांगायला हवं होतं ते मी."

"मध नाही का द्यायचा?" चिमणीने रुसून विचारले. तेव्हा दोघी हसल्या आणि डोळेही पुसू लागल्या. माझ्यातली पूड कालवलेला तो मध जमिनीत खोल पुरला गेला. चिमणीचा खोकला डॉक्टरांच्या औषधाने बरा झाला.

दुसऱ्या दिवशी पाथरवट आला. आता माझ्या पोटावर रंगाचा नाही, छिन्नीने कोरलेला पट्टा आहे. आत्याच्या दवाखान्यात मी काचेच्या कपाटात राहतो. नवे शिकणारे आले की ती त्यांना आधी माझ्यासमोर उभे करते. "ज्या द्रव्याने दुखणं थांबतं त्याच द्रव्याने श्वासही थांबतो," ती सांगते. "झाड हिरवं आहे म्हणून भोळं समजू नका." तेव्हा माझी छाती फुगते, दगडाची जेवढी फुगेल तेवढी.

मित्रांनो, तुमच्या घरातही एखादी बाटली उंचावर असेल, एखाद्या डब्यावर खूण असेल. ती खूण कशाची, हे मोठी माणसे आहेत तोवर त्यांना विचारून घ्या. माहीत नसलेली खूण मळ समजून पुसू नका. आणि मला भेटायला जरूर या. डोळे भरून बघा, पण काचेच्या अलीकडूनच. माझ्यातला एक कणही अजून कोणाच्या पोटात गेलेला नाही.