वाटीतलं साबणाचं पाणी

बाबांनी काचेच्या कडेवर अंगठा टेकवला आणि उचलला. अंगठ्याबरोबर सीलंटची काळी तार निघाली, वीतभर ताणली गेली आणि तुटली.

"सहा दिवस झाले," ते म्हणाले. "एव्हाना यात नखसुद्धा रुतायला नको होतं."

बाबा म्हणजे माझे सासरे. चाळीस वर्षं होड्या दुरुस्त करतायत. ही होडी एका डॉक्टरीणबाईंची. दवाखाना पलीकडच्या काठावर, त्यामुळे त्यांची रोजची जा-ये होडीनेच. केबिनच्या चारही खिडक्या गळत होत्या. बाबांनी काचा उतरवल्या, जुनं सीलंट खरवडून काढलं, काचा बसवून फटींत नवं भरलं. सोमवारी होडी पाण्यात सोडायची ठरली होती.

भरलं त्यांनी, पण त्यावरून बोट फिरवलं मी. वर्षभरापासून त्यांचा उजवा हात थरथरतो. मी दुपारी डबा घेऊन त्यांच्या कामाच्या शेडमध्ये जायची, कडेवर दहा महिन्यांची चिमणी. एकदा ते सहज म्हणाले, "ये गं, तुझं बोट हलकं आहे." कॉलेजातल्या बक्षिसांनी झाला नसेल एवढा आनंद मला त्या वाक्याने झाला. त्यांनी वाटीत साबणाचं पाणी करून दिलं. "बोट यात बुडवायचं आणि एका दमात कड ओढायची. मध्ये थांबायचं नाही."

पहिल्या खिडकीला सुरुवात करणार, तोच शेजारी एका खोक्यात बसवलेली चिमणी वाकली आणि तिने वाटीत हात घातला. पाण्यात लाकडाचा भुसा, वर एक मेलेला डास. हात तोंडात जायच्या आत मी धरला. पाणी फेकून दिलं, पिशवीतली सॅनिटायझरची बाटली काढली आणि वाटीत ओतली. ती बाटली माझ्याजवळ कायम असते. नवरा म्हणतो, तू एक दिवस चंद्रालाही पुसून मगच पोरीला दाखवशील. मला वाटलं, साबणापेक्षा हे स्वच्छ, चटकन उडूनही जाईल. रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. झालेय मी. बाबा तेव्हा होडीच्या पलीकडच्या अंगाला होते. चारही खिडक्यांच्या कडा मी त्याच वाटीत बोट बुडवून ओढल्या. त्यांनी येऊन पाहिलं आणि म्हणाले, "वा, माझ्यापेक्षा सरळ!"

आणि आता सहाव्या दिवशी त्या कडा डिंकासारख्या चिकट होत्या.

बाबांनी एकेक गोष्ट तपासली. ट्यूबवरची तारीख अजून वर्षभर पुढची होती. हे सीलंट हवेतल्या ओलाव्याने घट्ट होतं, आणि हवा कोरडी होती. म्हणून त्यांनी केबिनमध्ये ओली फडकी टांगली. दोन दिवस वाट पाहिली. काही नाही. मग त्यांना आठवलं, काम संपल्यावर त्यांनी ट्यूबचं तोंड एका फळकुटाला पुसलं होतं. ते फळकूट शोधून आणलं. त्यावरचा थर रबरासारखा टणक झाला होता.

"ट्यूब चांगली, हवाही तीच," ते खाली बसत म्हणाले. "मग चौकटच नीट पुसली गेली नसणार. तेलकट हात लागला असणार. माझाच, दुसऱ्या कुणाचा?"

चिमणीला पाजायला म्हणून मी केबिनमध्ये शिरले. ट्यूबच्या रिकाम्या खोक्यात तिच्याबरोबर आलेला कागद पडला होता. हातात काही छापील आलं की मी वाचतेच. चौथ्या ओळीत होतं, सीलंट पूर्ण घट्ट होईपर्यंत त्याला अल्कोहोलचा स्पर्श होऊ देऊ नये, नाहीतर ते कधीच घट्ट होत नाही.

मी पिशवीतल्या बाटलीवरचं लेबल वाचलं: सत्तर टक्के अल्कोहोल. बाहेर डॉक्टरीणबाईंचा आवाज ऐकू आला.

"बाई, तुमचे आठ दिवस फुकट घालवले," बाबा सांगत होते. "माझा हात आता भरवशाचा राहिला नाही. शेजारच्या शेडमधल्या मिस्त्रीकडून करून घ्या. तो चोख आहे."

"अहो, एखाद्या वेळी होतं असं."

"माझं नव्हतं होत."

तेव्हाच बोलायला हवं होतं. चिमणी कुरकुरली, आणि मी तिला घेऊन मागच्या दाराने बाहेर गेले. खरं सांगायचं तर ती फारशी रडत नव्हती.

त्या संध्याकाळी बाबांनी सीलंट भरायची गन पुसून मिस्त्रीला देऊन टाकली. घरी नवरा हळूच म्हणाला, "बरंच झालं गं. आपण थांबा म्हटलं असतं तर दुखावले असते. स्वतःहून सोडलं." मी पोळ्या लाटत राहिले. उद्या सांगू, असं दोन दिवस केलं. बाबा दोन्ही दिवस घरातच होते. चिमणीचा चमचा उचलतानासुद्धा आधी स्वतःच्या हाताकडे बघायचे.

तिसऱ्या दिवशी सगळं सांगितलं. वाटी, डास, बाटली, कागद. ते ऐकून हसले. रागावले असते तर बरं झालं असतं.

"गुणी आहेस. म्हाताऱ्याला बरं वाटावं म्हणून आळ अंगावर घेतेयस."

"नाही हो बाबा, खरंच! कागदावर लिहिलंय."

"कागदावर पुष्कळ लिहिलेलं असतं. खरं असतं तर त्याच दिवशी बोलली असतीस."



मी शेडमध्ये जाऊन उरलेली अर्धी ट्यूब आणली. तोंडाशी सीलंट सुकून घट्ट बूच झालं होतं, ते कापून काढलं. गन नव्हती, म्हणून हातोडीच्या दांड्याने मागून रेटलं. एका फळीवर दोन पट्टे काढले. एकावरून साबणाच्या पाण्याचं बोट फिरवलं, दुसऱ्यावरून सॅनिटायझरचं. फळी अंगणात चिमणीचा हात पोचणार नाही अशी उंच ठेवली, आणि दिवसातून दहादा जाऊन पाहिली.

त्या चार दिवसांत मिस्त्रीने सगळं खरवडून पुन्हा भरलं. होडी पाण्यात गेली. बाबा बघायला गेले नाहीत.

पाचव्या दिवशी सकाळी मी फळी त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी पहिल्या पट्ट्यावर अंगठा दाबला. टणक. दुसऱ्यावर दाबला. तीच काळी तार. ती तुटेपर्यंत ते बघत राहिले. मग पुन्हा पहिल्यावर, पुन्हा दुसऱ्यावर.

"बाई आल्या तेव्हा तुला ठाऊक होतं?"

"हो."

"शेजारी उभी होतीस."

"केबिनमध्ये होते. ऐकत होते."

चिमणी रांगत आली आणि त्यांच्या पायाला धरून उभी राहिली. त्यांनी काळा अंगठा तिच्यापासून लांब, वर धरला. हात थरथरत होता.

"आता ओत तुझं ते बाटलीतलं," ते म्हणाले. "निदान हे तरी त्याने निघेल."

मी ओतलं. फडक्याने पुसलं. अंगठा लगेच स्वच्छ झाला.

"बाबा, मी मिस्त्रीकडे जाऊन सांगते सगळं. बाईंनाही सांगते. गन परत आणते."

"सांग. सांगायलाच हवं," ते म्हणाले. "गन राहू दे त्याच्याकडे. त्याच्या हाताला बसलीही असेल आता."

मी चपला घातल्या. दारातून वळून पाहिलं, तर ते फळी मांडीवर घेऊन बसले होते, आणि टणक पट्ट्यावरून सावकाश बोट फिरवत होते.