वरच्या मजल्यावरचे ठोके

नवऱ्याच्या जिभेवर कायम साखर असायची, आणि ती सगळी बाहेरच्यांसाठी राखून ठेवलेली असायची. वाद्यांच्या दुकानात तो विक्रेता होता. गाणी बनवायची हौस असलेलं कुणी आलं की पहिला प्रश्न ठरलेला: "ठेके बनवायला मशीन घेऊ, की कॉम्प्युटरवर सॉफ्टवेअरच बरं?" तो गिऱ्हाइकाचे बूट बघायचा आणि त्यावरून उत्तर द्यायचा. झिजलेल्या बुटांच्या गळी सॉफ्टवेअर उतरवायचा. हजार आवाज, जागा लागत नाही, हेडफोन लावले की शेजाऱ्याला पत्ता नाही, आणि चूक झाली तर एक बटण दाबा, झालीच नव्हती समजा. चकचकीत बुटांना मशीन दाखवायचा. रबरी पॅडवर बोटांनी एक ठोका हाणायचा आणि म्हणायचा, "हाताची मजाच वेगळी, साहेब. इथे मारलेला ठोका परत घेता येत नाही."

घरी मात्र त्याचं एकच मत होतं, मशीन.

त्याची बायको ठेके बनवून पोट भरायची. नाचाच्या क्लासला, नव्या गायकांना, जाहिरातवाल्या स्टुडिओला. इमारतीत तिला ठोकेवालीच म्हणत, आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नसे. मशीन नवऱ्यानेच आणून दिलं होतं. लोखंडी, जड, सोळा पॅडचं, दोन हातांनी उचलायला लागणारं. त्याच्या आठच दिवस आधी त्याने तिच्यावर पहिल्यांदा हात उचलला होता. ती कपाटावर आदळली तेव्हा खालचे घड्याळवाले काका वर आले होते. त्यांचं दुकान बरोबर यांच्या खोलीखाली, मधे फक्त लाकडी जमीन.

"वर काय पडलं? माझ्या टेबलावरची स्प्रिंग उडाली. केसाएवढी असते ती, आता कुठे शोधू?"

"माफ करा काका," नवरा दारात हसत म्हणाला, "ही ठेके बसवते ना. टेबल बडवत होती."

आठ दिवसांनी मशीन आलं. वेडीला वाटलं, माफी मागतोय. खोकं उघडताना ती रडलीसुद्धा. त्याने टेबल भिंतीपासून ओढून खोलीच्या मधोमध आणलं. "इथे आवाज मोकळा होतो," म्हणाला. तेही तिला प्रेमच वाटलं.

मग ते रोजचं झालं, रोजचं म्हणजे आठवड्यातून दोनदा. मीठ कमी पडलं, फोन उशिरा उचलला, दुकानात मालक बोलला. कारणाला तोटा नव्हता. तो तोंडावर मारत नसे, कारण तोंड चारचौघांना दिसतं. पाठ, मांड्या, बरगड्या. एकदा केसांना धरून त्याने तिचं डोकं जमिनीवर तीनदा आपटलं, आणि प्रत्येक वेळी खालून काकांनी झाडूच्या दांड्याने छतावर ठक ठक केलं. नवरा हसला. "बघ, काकांना त्रास होतोय," म्हणाला, आणि उठून हात धुतले. मग टॉवेलला हात पुसत म्हणाला, "आता वाजव."

ती जमिनीवर होती.

"दहा मिनिटं वाजव. ऊठ."

ती उठली आणि वाजवलं. बोटं थरथरत होती, त्यामुळे चौथा ठोका प्रत्येक वेळी केसभर उशिरा पडत होता. तो ठेका स्टुडिओवाल्यांनी उचलला. "यात काय राग आहे!" म्हणाले. पुढचे सहा ठेके असेच बसले, आणि तिचं नाव झालं. नाव कशावर झालं हे कुणाला सांगायची सोय नव्हती. मोठ्या बहिणीचा एकदा नेमका त्या वेळी फोन लागला, तेव्हा ताई म्हणाली, "धाडधाड चालू आहे वाटतं तुझं. काम कर बाई, ठेवते मी." आणि तिने खरंच ठेवला.

दीड वर्षाने मशीनचा एक पॅड अडकायला लागला. नवऱ्याने ते दुकानात दुरुस्तीला नेलं. अकरा दिवस ते तिथे होतं, आणि त्या अकरा दिवसांत त्याने तिला बोटही लावलं नाही. एकदा भाजी करपली, तरी गप्प जेवला. दात ओठ खात जेवला, पण जेवला. बाराव्या दिवशी त्याने मशीन आणून टेबलावर ठेवलं, तार लावली, दिवे लागले का बघितलं, आणि त्याच संध्याकाळी करपलेल्या भाजीचा हिशेब चुकता केला.

त्या संध्याकाळी जमिनीला गाल टेकून पडलेली असताना तिच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. मशीन तिच्यासाठी नव्हतंच, ते खालच्यांच्या कानांसाठी होतं.

लगेच दुसऱ्या दिवशी तिने विषय काढला. "स्टुडिओवाले फाइल मागतात. सारख्या दुरुस्त्या सांगतात, मशीनवर सगळं पहिल्यापासून बसवावं लागतं. मी आता कॉम्प्युटरवर करते. त्यांनी जुना लॅपटॉप दिलाय."

"कॉम्प्युटरवर?" दुकानात हजार आवाजांचा पाढा वाचणारा हाच माणूस घरी तोंड वाकडं करून म्हणाला, "माऊसने ठोके? तुझ्या कामात जीव आहे तो हातामुळे. बाकी सगळं मढं." मग त्याने लॅपटॉप गुडघ्यावर घेतला आणि लाकूड मोडावं तसा मोडला. उरलेला तुकडा तिच्या खांद्यावर बसला. "वाजव," तो म्हणाला.

मशीन फेकून देऊन भागणार नव्हतं. तो वाद्यांच्या दुकानात होता, दुसरं आणायला त्याला कितीसा वेळ लागला असता? मशीन घरातून जायला हवं होतं आणि ते गेलं हे त्याला कळता कामा नये होतं. हे गणित सुटायला तिला तीन आठवडे लागले.

बुधवारी तो दुकानात गेल्यावर तिने मशीन उचललं. बरगडीतून कळ गेली. खाली घड्याळवाल्या काकांच्या दुकानात जाऊन तिने ते त्यांच्या टेबलावर ठेवलं.

"काका, याचे पॅड अडकतात. जरा उघडून बघता?"

"अगं, मी घड्याळवाला. आणि हे इथे? या पीडेने माझं अर्धं काम बिघडतं. तुझा तो चौथा ठोका उशिरा पडतो, माहितीये? दर वेळी माझा चिमटा हलतो."

"घाई नाही. महिनाभर राहू दे तुमच्याकडे. यांना सांगू नका."

"मग वर तू काम कशावर करणार?"

"स्टुडिओने दुसरा लॅपटॉप दिलाय. हेडफोन लावून करीन. आवाज अजिबात होणार नाही." ती जायला वळली, आणि दाराला हात लावून थांबली. "झाला, तर तो मशीनचा नसेल, काका."

काकांच्या डोळ्यावर भिंग होतं. ते त्यांनी काढलं, पुसलं, पुन्हा लावलं, पुन्हा काढलं. तिच्या बाहीखालून मनगटावरचा पिवळा-हिरवा डाग दिसत होता. ती तो झाकत नव्हती.

"किती दिवस झाले?" त्यांनी विचारलं.

"दीड वर्ष."

"मी झाडूचा दांडा आपटत होतो वर," काका म्हणाले. "पोरी, मी दर वेळी दांडा आपटत होतो."

वर येऊन तिने टेबलावर बिस्किटांचा रिकामा पत्र्याचा डबा ठेवला आणि मशीनचं कापड त्यावर नीट अंथरलं. दुरून काही फरक दिसत नव्हता.

गुरुवार, शुक्रवार, शनिवार शांत गेले. "वाजवत नाहीस?" असं त्याने एकदा विचारलं. "पॅड पुन्हा अडकलाय," ती म्हणाली. त्याने कापड उचललं नाही. चालू असो की बंद, मशीन घरात आहे एवढं त्याला पुरत होतं.

रविवारी दुकानात गर्दी असायची, म्हणून तो संध्याकाळीच यायचा. त्या रविवारी तो दुपारी आला. ती हेडफोन लावून बसली होती. दार तिला ऐकू आलं नाही, त्याने हाक मारली तीही नाही. पडद्यावर ठोके चौकोनांमधे सरळ रांगेत बसलेले होते आणि ती चौथा ठोका मुद्दाम केसभर मागे सरकवत होती.

हेडफोन ओढले गेले ते कानातल्यासकट. पाठोपाठ लॅपटॉप भिंतीवर गेला.

"तीन हाका मारल्या," तो म्हणाला. "तीन."

पहिली लाथ मांडीवर आली. दीड वर्ष ती आवाज न करता पडायला शिकली होती. पलंगावर कलायचं, हातावर झेलायचं, खाली काकांना त्रास नको. त्या दिवशी तिने अंग सैल सोडलं आणि ओंडक्यासारखी जमिनीवर आदळली. त्याने तिला दंडाला धरून उठवलं आणि टेबलावर फेकलं. टेबल सरकलं, कोपरा बरगडीत घुसला. ती पुन्हा पडली आणि या वेळी तिने टाचा जमिनीवर हाणल्या, जिवाच्या आकांताने, पुन्हा पुन्हा. तो चवताळला. त्याने तिच्या पाठीवर गुडघा दिला आणि डोकं धरून आपटायला लागला. एक. दोन. नाकातून रक्त आलं. तीन. तिचे कान खाली लागले होते. झाडूची ठक ठक येत नव्हती. चार.

खालून काहीच येत नव्हतं, आणि तिला वाटलं, संपलं. काका आज दुकान बंद करून गेले असतील. हे बघायचंच राहिलं होतं.

तो उठला. धापा टाकत त्याने हात धुतले. "ऊठ. वाजव."

"नाही."

"वाजव म्हणतोय ना!" त्याने टेबलाकडे जाऊन कापडाचं टोक धरलं. त्याच क्षणी दार वाजलं.

त्याने कापड सोडलं. केस सारखे केले, पायाने तिला दाराच्या नजरेआड ढकललं, आणि वीतभर दार उघडलं. ते गोड हसू तिला पाठमोऱ्या माणसातही दिसलं.

"माफ करा हं काका. ही मशीन वाजवत बसली होती. रविवारी तरी नको, असं मी तिला सांगतच होतो."

"मशीन?" काका म्हणाले.

ते दोन्ही हातांत मशीन धरून उभे होते. तार पायाशी लोंबत होती. मागे जिन्यात त्यांची बायको फोनवर पोलिसांना मजला सांगत होती, आणि समोरच्या छापखान्यातले दोन कामगार शाईच्या हातांनी उभे होते.

"हे बुधवारपासून माझ्या टेबलावर आहे," काका म्हणाले. "वर वाजवत कोण होतं?"

नवऱ्याने मागे टेबलाकडे पाहिलं. मग त्याने दार जोरात लोटलं, पण काकांनी मशीन फटीत घातलं होतं. दार लोखंडावर आदळून परत आलं. लॅपटॉप असता तर तुकडे झाले असते. मशीनचा फक्त कोपरा चेपला. छापखानेवाल्यांनी दाराला खांदे दिले आणि तो भिंतीवर जाऊन पडला. एकाने त्याच्या दोन्ही मनगटांना धरलं. ते हात अजून ओले होते.

काकांनी मशीन जमिनीवर ठेवलं आणि ते तिच्याजवळ गुडघ्यावर बसले. तिच्या ओठाला चीर गेली होती. बोलायला दुखत होतं, तरी ती बोलली, जिन्यातल्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात.

"मी नव्हते, काका. तो वाजवत होता."