चेनच्या कप्प्यातली गोळ्यांची डबी

मी एक जुनी डबी आहे, मित्रांनो. दागिन्यांची नव्हे, औषधाच्या गोळ्यांची. कारखान्यातल्या साच्यातून बाहेर पडले तेव्हा माझं निळं प्लॅस्टिक इतकं चकचकीत होतं की औषधाच्या दुकानदाराने मला काचेपुढे मांडलं होतं. मला सात खण आहेत आणि प्रत्येक झाकणावर एकेका वाराचं अक्षर आहे. काही अक्षरं आता पुसट झाली आहेत.

आजोबांच्या हृदयाच्या रक्तवाहिनीत जाळी बसवली, त्याच आठवड्यात आजीने मला घरी आणलं. जेवणाच्या टेबलावर, पाण्याच्या बाटलीशेजारी माझी जागा ठरली. दर रविवारी आजी चष्मा लावून मला भरायची. रक्त पातळ ठेवणारी गोळी, रक्तदाबाची गोळी, सगळं जिथल्या तिथे. एकदा डॉक्टरांनी मला हातात घेऊन तिचं कौतुक केलं, तेव्हा मीही मनातल्या मनात फुगले. आजोबांना मात्र मी डोळ्यांसमोर नको असायची. पाहुणे आले की ते मला वर्तमानपत्राखाली सरकवायचे. आजारी म्हणवून घेणं त्यांच्या अगदी जिवावर येई.

मग दोघांना परदेश दाखवायचं त्यांच्या मुलाच्या मनात आलं. त्या देशाचा नियमच असा होता, की पर्यटकाने आरोग्य विमा काढल्याशिवाय व्हिसा मिळायचा नाही. तिकडे आजारी पडलं तर दवाखान्याचा खर्च कोण करणार, हे तिथल्या सरकारला आधीच कळायला हवं होतं. आजी बाहेर गेली असताना मुलगा लॅपटॉप घेऊन टेबलाशी बसला आणि विम्याच्या अर्जातले प्रश्न वाचू लागला.

"बाबा, हृदयाचा आजार आहे का, असं विचारलंय."

"आहे का, असंच विचारलंय ना? मग नाही म्हण. होता. जाळी बसली, आजार गेला."

मुलाने आजोबांकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. 'हो' म्हटलं तर नव्या तपासण्या, नवे दाखले, आणि सुट्टी तर तोंडावर आलेली. त्याने 'नाही'वर बोट टेकवलं आणि तो मोकळा झाला.

तिकडे पोचल्यावर थोडे दिवस मजेत गेले. मग एका संग्रहालयाच्या पायऱ्या उतरताना आजोबांचा पाय घसरला आणि खुब्याचं हाड मोडलं. दवाखान्यात नेल्यावर वेदनेच्या औषधाने त्यांना गुंगी आली. शस्त्रक्रिया लगेच करायचं ठरलं. आता विमा कंपनीला कळवायला हवं, असं तिथल्या लोकांनी सांगितलं, आणि आपण काय करून बसलो ते मुलाच्या ध्यानात आलं. त्याने मला आजीच्या हातातून काढून तिच्या पर्समधल्या आतल्या कप्प्यात खुपसलं आणि चेन ओढली.

"आई, ही डबी कुणाला दाखवू नकोस. खोटं लिहिलं म्हणून विमा रद्द करतील. इथलं बिल भरायचं तर आपलं घर विकावं लागेल."

आत मिट्ट काळोख होता. एका अंगाला पासपोर्ट, दुसऱ्या अंगाला रुमाल, कूस बदलायलाही जागा नव्हती. पण ऐकू सगळं येत होतं. फोनवरची दुभाषी बाई विचारत होती, की पेशंट कोणती औषधं घेतो? आजीच्या आधी मुलगाच म्हणाला, "कोणतीच नाही." परिचारिकेने ते टिपून घेतलं. रक्त पातळ असताना चिरफाड झाली तर ते आवरणार नाही, असं आमच्या डॉक्टरांनी आजीला पूर्वीच बजावलं होतं. तेव्हा मी तिच्या हातातच होते. मित्रांनो, मला तोंडं सात, पण एकालाही वाचा नाही! माझा जीव नुसता गुदमरत होता.

आजीची बोटं चेनशी चाळा करत होती. थोडी उघडायची, पुन्हा लावायची. मुलगा दुष्ट नव्हता, तो घाबरला होता. तीही घाबरली होती. उभा जन्म काढलेलं ते घर होतं. एवढ्यात आजोबांच्या खाटेची चाकं करकरली. त्यांना आत न्यायला निघाले होते. आजी उठली आणि तिने खाटेचा कठडा घट्ट धरला. चेन सर्रकन उघडली आणि मला एकदम उजेड दिसला. मला परिचारिकेच्या हातात ठेवून ती फोनमध्ये म्हणाली,

"त्यांना सांगा, ह्यांना हृदयाचा आजार आहे. रक्त पातळ करायची गोळी ह्यांनी आज सकाळीसुद्धा घेतलीय."

खाट जागीच थांबली. डॉक्टर धावत आले, त्यांनी माझे सगळे खण उघडून पाहिले. मग योग्य ती तयारी करून, सावकाशीने त्यांनी शस्त्रक्रिया केली. आजोबा वाचले. विमा कंपनीने मात्र हात वर केले, आणि घर गेलं.

आता आम्ही भाड्याच्या दोन खोल्यांत राहतो. इथल्या खिडकीबाहेर दुसऱ्या इमारतीची भिंतच दिसते. परवा आजोबा काठी टेकत टेकत आजीजवळ येऊन बसले. म्हणाले, "तू गप्प राहिली असतीस, तर घर राहिलं असतं."

"राहिलं असतं," आजी म्हणाली. "आणि त्यात मी एकटी राहिले असते."

आजोबांनी तिचा हात हातात घेतला आणि बराच वेळ सोडला नाही.

मित्रांनो, तुमच्या घरी कुणी परदेशी निघालं आणि विम्याचा अर्ज भरायला बसलं, तर माझ्यासारखी डबी आतून आणा आणि त्यांच्यासमोर उघडून ठेवा. मोठी माणसं रागावतील, रागावू द्या. आणि ती डबी जी भरते, तिला आधी विचारा.