घडा भरेपर्यंत

ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांत फिलोमेन तापसोबा दरवर्षी काहीतरी सोडत असे. कधी साखर, कधी दुपारची झोप. यंदा तिने ठरवलं, बार्नाबे तोएला उलट उत्तर द्यायचं नाही.

साखर सोडणं त्यापेक्षा सोपं होतं. फिलोमेन मोसी जमातीची, बार्नाबे सामो जमातीचा. मोसी आणि सामोंनी एकमेकांना गुलाम म्हणायचं, तोंडावर उणीदुणी काढायची आणि कुणी राग धरायचा नाही, ही वाडवडिलांची रीत. वागादुगू शहरातल्या आपल्या मोहल्ल्यात ही दोघं चाळीस वर्षं ती पाळत आली होती. तो तिला गाढवीण म्हणे, ती त्याला कुत्र्याचं मुंडकं खाणारा. फिलोमेनच्या नवऱ्याच्या मयतालाही बार्नाबे म्हणाला होता, "सुटला बिचारा तुझ्या तावडीतून." आणि रडता रडता ती हसली होती.

चर्चच्या आवारात दर महिन्याला जुना सिनेमा दाखवत. त्या सिनेमा-मंडळाचे छत्तीस सभासद. ज्याची पाळी त्याने आपल्या आवडीचा सिनेमा सुचवायचा आणि तो आजही का बघावा, हे उभं राहून सांगायचं. फिलोमेनची पाळी तीन वर्षांनी आली होती. पुढची येईपर्यंत तिला पडदा दिसणार नव्हता, हे डोळ्यांच्या डॉक्टरांनी तिला स्पष्ट सांगितलं होतं. तिने ते कुणाला सांगितलं नव्हतं.

सभेत ती उठली. "एक बाई विहिरीवर जाते, घडा भरते, घरी येते. घरी नवऱ्याने दुसरी आणलेली असते. मला आवडतो हा सिनेमा." एवढं बोलून ती बसली. तिला सभेत बोलणं जमत नसे.

"आवडणारच!" मागून बार्नाबे ओरडला. "सिनेमातली ही मोसी बाई घरून निघाली तेव्हा मी तरुण होतो, अजून विहिरीपाशी पोचली नाही! असला सिनेमा बघून गाढवंसुद्धा उभ्या उभ्या झोपतील."

सगळ्यांच्या माना फिलोमेनकडे वळल्या. तिने जपमाळेचा मणी पुढे सरकवला आणि खाली बघितलं.

मंडळाची नवी अध्यक्षा एदविज लहानाची मोठी परदेशात, लिब्रव्हिलला झालेली; इथली ही रीत तिला ठाऊक नव्हती. पोरगी मनाने चांगली. तिने बघितलं ते एवढंच, की चारचौघांत एका म्हातारीचा पाणउतारा झाला आणि ती बिचारी गप्प राहिली. पडदा लावल्यावर आणखी शोभा नको, म्हणून तिने तो सिनेमाच येत्या सिनेमांच्या यादीतून काढला.

रविवारी चर्चच्या दारावर यादी लागली. फिलोमेनने कागदाला नाक लावून ती दोनदा वाचली. मग आत जाऊन प्रार्थना केली आणि बाहेर आली, तर पायरीवर बार्नाबे बसलेला.

"काय गं माझ्या गुलामा, तोंड का सुजलंय?"

"माझा सिनेमा काढला."

"कुणी?"

"तू."

त्याने यादी बघितली. फिलोमेनला घेऊन तो थेट एदविजकडे गेला.

"पोरी, अगं, ती थट्टा होती!"

"काका, थट्टेत दोघं हसतात. मावशी हसल्या नाहीत."

"फिलोमेन, दे ना मला एक शिवी! एकच! या पोरीला कळू दे!"

फिलोमेनने नकारार्थी मान हलवली. ईस्टरला तीन आठवडे होते.

बार्नाबेने टोपी काढली. फिलोमेनसमोर तो आजवर एकदाही सरळ बोलला नव्हता.

"तीस वर्षं मी थेटरात मशीन चालवलं. मारामारीचे सिनेमे आले, लोक ओरडले, दुसऱ्या दिवशी विसरले. या सिनेमात ती बाई घडा भरते ना, तो पूर्ण भरेपर्यंत कॅमेरा हलत नाही. पाण्याचा आवाज बदलत जातो. तेवढ्या वेळात बघणाऱ्याला आपापल्या घरचं आठवतं. प्रत्येकाला वेगळं. म्हणून तो जुना होत नाही. मी हजारदा बघितलाय, आणि त्या जागी मशीनकडे लक्षच राहत नसे माझं." मग त्याने एदविजकडे बोट केलं. "हे हिच्यासमोर बोलायला लावलंस तू मला."

एदविजने दारावरची यादी काढली आणि तो सिनेमा पुन्हा तिच्यात लिहिला.

महिनाअखेरीस, दिवस मावळल्यावर, आवारात पडदा लागला. फिलोमेन अगदी पुढे बसली. तिला कडा धूसर दिसत होत्या, पण मधला घडा दिसत होता. पाणी पडू लागलं. खुर्च्यांचा आवाज थांबला. कुणी उठून गेलं नाही.

शेजारून नाक ओढल्याचा आवाज आला. तिने वळून बघितलं. बार्नाबे टोपीने डोळे पुसत होता.

घडा काठोकाठ भरला. ईस्टरला अजून नऊ दिवस होते. सामो माणूस पाणी बघून रडतो, एवढं वाक्य तिने मनात नीट ठेवून दिलं आणि पुन्हा पडद्याकडे बघू लागली.